फायस्टी म्हणजे नक्की काय? मावशीला काय सांगू?

सड्यावरचा

मंडळी, जरा तातडीची मदत हवीय. भाषा विभागात टाकतोय, जागा चुकली असेल तर अॅडमिननी धागा हलवावा.

आमच्या मावशीचं वेळणेश्वरच्या बाजूला होमस्टे आहे. चार खोल्या, मागे पोफळीची बाग, जेवण घरचंच. मावशी सत्तरीच्या पुढची, उंची जेमतेम पाच फूट, वजन विचारू नका. ऑनलाइनचं सगळं म्हणजे बुकिंग, फोटो, रिव्ह्यू हे माझ्याकडे. परवा बंगळुरूच्या एका जोडप्याने पाच तारे दिले आणि खाली लिहिलं की खोल्या ठीकठाक आहेत पण परत यायचं ते या घरातल्या 'फायस्टी ओल्ड लेडी'साठी.

आता मागची गोष्ट अशी, की हे लोक आले मोठी गाडी घेऊन आणि मावशीने दोनदा बजावलं होतं की गाडी पुळणीवर नेऊ नका, तरी संध्याकाळी नेलीच. रुतली. भरती चढायला लागलेली आणि हा बाबा आपला रेस देतोय, देतोय, चाक अर्धं आत गेलं. मावशी पदर खोचून तिथे पोचली आणि पहिलं वाक्य, "पाय काढ आधी त्याच्यावरचा मेल्या, विहीर खणतोयस काय!" मग टायरातली हवा कमी करायला लावली, दोन पोरांना पिटाळून झावळ्या आणवल्या, चाकांच्या पुढेमागे स्वतः वाकून दडपल्या, आणि त्याला खाली उतरवून त्याच्या बायकोला स्टिअरिंगवर बसवलं. कारण काय तर "हिचा पाय तुझ्यापेक्षा हलका आहे." गाडी निघाली. रात्री जेवायला वाढताना त्याला परत एकदा सुनावलं, आणि सकाळी घावने मात्र मोजले नाहीत.

तर मावशीला रविवारी सगळे रिव्ह्यू वाचून दाखवायचे असतात. मी म्हटलं चांगलं लिहिलंय. ती म्हणते, चांगलं म्हणजे काय, शब्द सांग. मोबाईलवर शोधलं तर एके ठिकाणी 'उत्साही' आलं आणि दुसरीकडे 'भांडखोर'. दोन्ही सांगायची हिंमत नाही. वर धाकट्या मामेभावाचं म्हणणं की गणपतीआधी पाटी रंगवायचीच आहे तर त्यावर 'फायस्टी मावशीचं घर' असं टाकू, पोरं फोटो काढतील. टाकावं का?

पोफळीखाली

खमकी. झालं. धागा बंद करा :)

आमटीभात

खमकी जवळ जातं पण त्यात ती गंमत नाही हो. खमकी म्हटलं की डोळ्यासमोर हेडमास्तरीण येते. इथे ठसकेबाज बसेल. किंवा फटकळ, पण फटकळ तिच्या तोंडावर म्हणू नका.

ती 'पाय हलका' वाली ओळ म्हणजे _/\_ दंडवत सांगा मावशींना.

गजालीकार

आमच्याकडे असल्या म्हातारेक लवंगी मिरची म्हणतत. ल्हान दिसता, पण चावलंस काय डोळ्यातसून पाणी. पाटयेर तांच घाल रे, इंग्रजी कित्याक व्हया?

भाषाकिडा

आधी उच्चार. फायस्टी. आमच्या ऑफिसात फिस्टी, फेस्टी, फीस्टी सगळं ऐकलंय. स्पेलिंग एफ-ई-आय-एस-टी-वाय, म्हणजे शाळेत घोकलेला 'आय आधी, ई नंतर' हा नियम इथे गंडतो. हाइट म्हणताना ई-आय चा जो 'आय' होतो तोच इथे. पुढची रूपं फायस्टिअर, फायस्टिएस्ट आणि नाम फायस्टीनेस.

अर्थाचं म्हणाल तर सड्यावरच्यांना जे दोन टोकाचे अर्थ मिळाले ते दोन्ही खरे आहेत. एक बाजू अशी की माणूस चैतन्याने भरलेला, जिद्दीचा, न घाबरता भिडणारा, कोणाचं ऐकून न घेणारा. दुसरी बाजू अशी की जरा खोचलं की अंगावर येणारा, चिडका, भांडायला निमित्त शोधणारा. ही दुसरी छटा अमेरिकेत जास्त ऐकू येते. तिकडच्या दक्षिणेकडे तर एका जागी न बसणारा, चुळबुळ्या असाही अर्थ चालतो. पाच तारे दिल्यावर कुठली छटा हे वेगळं सांगायला नको.

आता खरी मेख. ऑक्सफर्डवाल्यांनी व्याख्येत हळूच एक गोष्ट घातलीय, की हा शब्द बहुतेक करून अंगाने लहान असलेल्या माणसाबद्दल वापरतात. म्हणजे मावशींची पाच फूट उंची त्या शब्दात आलेली आहे. सहा फुटी पैलवान कितीही भांडला तरी त्याला कोणी फायस्टी म्हणत नाही, त्याला अॅग्रेसिव्ह म्हणतात. आणि लांब पळतात.

पोफळीखाली

हे इंटरेस्टिंग आहे. म्हणजे खमकी बाद, कारण खमका इन्स्पेक्टर चांगला सहा फुटी असू शकतो.

दूरदेशी_देवगडकर

राहवत नाही म्हणून लिहितोय, सड्यावरचे, मावशींना हे दाखवू नका.

सध्या मुक्काम नॉर्थ कॅरोलिना. इथे फाइस्ट नावाचं कुत्रं असतं. छोटं, आखूड केसांचं, बारा-तेरा किलोच्या वर फारसं जात नाही. खारींच्या शिकारीला नेतात. खार झाडावर पळाली की हे झाडाखाली उभं राहून मालक येईपर्यंत आकाशपाताळ एक करतं. आमच्या शेजारच्याचं आहे, माझ्या गाडीवर रोज भुंकतं, गाडीला काही फरक पडत नाही, त्यालाही पडत नाही. तर फायस्टी म्हणजे या कुत्र्यासारखा. लिखाणात हा शब्द १८९६ पासून सापडतो, म्हणजे इंग्रजीच्या मानाने अगदी कालचा, आणि अस्सल अमेरिकन.

इथवर ठीक. पण कुत्र्याला फाइस्ट का म्हणतात? तर जुन्या इंग्रजीत 'फिस्ट' असं क्रियापद होतं, अर्थ पादणे. घरात पायात पायात करणाऱ्या फालतू छोट्या कुत्र्याला सोळाव्या शतकात 'फिस्टिंग कर' म्हणायचे, म्हणजे पादरं कुत्रं. त्यातलं पुढचं गळलं आणि फिस्ट, फॉइस्ट, फाइस, फाइस्ट अशी रूपं राहिली. १८११ च्या एका इंग्रजी स्लँग डिक्शनरीत 'फाइस' या शब्दाचा अर्थ दिलाय तो असा, की कानापेक्षा नाकाला जास्त कळणारी हवा, जिचा आळ म्हाताऱ्या बायका बरेचदा आपल्या मांडीवरच्या कुत्र्यावर घेतात.

म्हाताऱ्या बायका. मी काही बोललो नाही.

आमटीभात

खीखीखी, ऑफिसात वाचतेय, चहा नाकातून आला

सड्यावरचा

मेलो. पाटी रद्द.

गजालीकार

फुसकुली मावशीचा घर. बुकिंग फुल जातला बघ.

भाषाकिडा

देवगडकर, मस्त माहिती. त्याच खानदानातला आणखी एक शब्द तुम्ही रोज वापरता, फिझल. फिझल आउट मधला. सोळाव्या शतकात त्याचा अर्थ आवाज न करता सोडणे हाच होता. आपण नाही का म्हणत, एवढा गाजावाजा आणि शेवटी फुसका बार. दोन भाषांची नाकं एकाच दिशेला वळली म्हणायची.

पण सड्यावरचे, पाटी रद्द करायची ती या कारणासाठी करू नका. मुळावर जायचं म्हटलं तर तेल हा शब्द तिळापासून आलाय, तेल म्हणजे तिळाचं. मग खोबरेल तेल हे काय आहे? आख्ख्या कोकणाने डोक्याला चोपडणं बंद करायचं का? शब्द कुठून निघाला ते गमतीला ठीक, आज लोक काय म्हणून वापरतात ते बघायचं. आजच्या कुठल्याही इंग्रजी बोलणाऱ्याच्या मनात फायस्टी म्हणताना कुत्रंही नसतं आणि वासही नसतो.

दूरदेशी_देवगडकर

मान्य, पण कुत्र्याचा स्वभाव राहिलाय हो शब्दात. अब्राहम लिंकनने राष्ट्राध्यक्ष व्हायच्या बऱ्याच आधी अस्वलाच्या शिकारीवर एक कविता लिहिली होती, त्यात हेच आखूड पायांचं कुत्रं आहे. सगळी शिकारी कुत्री अस्वलाशी झुंजतात, हे मागे राहून केकाटत येतं. अस्वल मरतं, माणसं कातड्यावरून वाद घालत बसतात, तेवढ्यात हे पोचतं आणि मेलेल्या अस्वलाला धरून असं काही हिसडतं गुरगुरतं की जणू ह्यानेच मारलं. लिंकन त्याला हसतो आणि म्हणतो की अशी दोन पायांची पण पुष्कळ बघितलीत.

म्हणजे फायस्टीच्या पोटात कुठेतरी 'ताकद नाही पण आव बघा' असं हसू आहे. प्रेमाचं असेल, पण हसूच.

हर्णै_बंदर

मी शक्यतो वाचनमात्र असते पण ह्या हसूवरून लिहावंसं वाटलं.

माझी आई हर्णै बंदरावर मासे विकायची. आमच्याकडे फिरायला येऊन इंग्रजीत लिहिणाऱ्या लोकांचे लेख बघा, दर दुसऱ्या लेखात 'फायस्टी फिशरवुमन' आणि 'फायस्टी कोळीण' सापडेल. खाली फोटो, तोंड उघडं, हात वर. आता तो हात वर का असतो ते सांगते. संध्याकाळी होड्या लागतात, पुळणीवर लिलाव सुरू होतो, वारा, इंजिनं, टेम्पोचे हॉर्न, माणसांचा गलका. त्यात गिऱ्हाईक चार हातांवर उभं राहून हळू आवाजात पाटीचा भाव विचारतं. ओरडल्याशिवाय त्याला ऐकू जाणारच नाही. आई बांगड्याचा कल्ला अंगठ्याने उघडून समोर धरायची, लालभडक असायचा, आणि म्हणायची, "रंग बघ आणि मग भाव बोल." गिऱ्हाईक निम्मा भाव सांगायचं. मग ती जे बोलायची ते इथे लिहीत नाही. बर्फ वितळत असायचा, घर लांब होतं, माल संपवून जायचं होतं. वर जूनजुलै बंदीचे दोन महिने कमाई नाही, ते ह्यातूनच काढायचे. लिहिणाऱ्याला वाटतं तिचा स्वभाव असा आहे. अहो तो धंदा आहे. घरी आल्यावर आई दोन शब्द बोलायची नाही.

आणि शेजारीच लिलाव पुकारणारा बाप्या उभा असायचा, आवाज आईच्या दुप्पट. त्याला मी अजून कुठल्या लेखात फायस्टी झालेला बघितला नाही.

पोफळीखाली

+१०० कल्ल्याचं वाचून अंगावर काटा आला.

भाषाकिडा

हर्णै_बंदर, अगदी नेमकं बोट ठेवलंत. ही तक्रार इंग्रजी बोलणाऱ्या बायकाही करतात. शब्द कोणाकोणाला चिकटतो ते बघा: म्हाताऱ्या, बायका, बुटकी माणसं, छोटी मुलं, हरणारच असं गृहीत धरलेली टीम. आपल्या इंग्रजी पेपरांनी ममता बॅनर्जींच्या नावामागे तर हे विशेषण वर्षानुवर्षं चिकटवून ठेवलंय. तितकंच आक्रमक बोलणाऱ्या पुरुष नेत्याला फायरी म्हणतात, फायरब्रँड म्हणतात. आग ती आग.

साधी परीक्षा सांगतो. तुमच्या साहेबाला तोंडावर 'सर यू आर सो फायस्टी' म्हणून बघा. म्हणवणार नाही. कारण म्हणणारा वर आणि ज्याला म्हणायचं तो खाली, असा उतार त्या शब्दाला आहेच. वरून खाली घरंगळतो, खालून वर चढत नाही.

आमटीभात

आता जरा अतिच होतंय हं. त्या बिचाऱ्या बंगळुरूवाल्याने मनापासून कौतुक केलं, गाडी वाचली त्याची. मावशीने त्याला मेल्या म्हटलं ते चाललं आणि त्याने फायस्टी म्हटलं की लगेच उतार आणि चढ? कौतुकाचा शब्द आहे, कौतुक घ्या आणि पुढे चला. प्रत्येक शब्दाचा कल्ला उघडून बघायचा नसतो.

हर्णै_बंदर

बघायचा असतो. शिळं गळ्यात मारतात.

आमटीभात

:D बरं, ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही, पण मत बदललेलं नाही.

गडकोट_भटक्या

पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो, आता एक पुडी माझीही. इंग्रजीत आपल्या मावशीला फायस्टी म्हणतायत, तर आपल्या लोकांनी एका इंग्रजाला काय म्हटलं होतं? फाकडा! कॅप्टन स्टुअर्ट, मराठ्यांच्या तोंडी इष्टुर फाकडा. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात बोरघाट चढून आलेल्या फौजेत होता, जानेवारी १७७९ मध्ये कार्ल्यापाशी पडला. वडगाव मावळात आजही त्याच्या नावाचं ठिकाण दाखवतात. म्हणजे समोरून चालून आलेला शत्रू, त्याला आपल्या लोकांनी विशेषण दिलं तेही तोडीस तोड. शूर, रुबाबदार, दिलदार असं सगळं फाकडा ह्या एका शब्दात येतं आणि त्यात वरून खाली बघणं अजिबात नाही. माझं मत फाकडी मावशीला.

पोफळीखाली

भटक्या, इतिहास झकास, पण फाकडा आणि फाकडी ह्यात घाटाएवढं अंतर आहे. फाकडी म्हटलं की ढोलकी वाजायला लागते.

सड्यावरचा

पाटीवर फाकडी लिहिलं तर पुढची झावळी माझ्या पाठीवर पडेल.

भाषाकिडा

हे मात्र आपल्याकडचंही दुखणं आहे. खमका-खमकी, करारी, तडफदार हे दोघांनाही चालतात, इथे मराठी इंग्रजीपेक्षा सरळ आहे. पण कजाग कोण? बाईच. खाष्ट कोण? सासूच, सासरा खाष्ट असल्याचं फारसं ऐकलं नाही. जहांबाज पुरुषाला म्हटलं तर जवळजवळ शाबासकी आणि बाईला म्हटलं तर सोयरीक मोडते. तेव्हा इंग्रजीला एकट्याला पिंजऱ्यात उभं करू नका.

मिठागरी_शिरोडा

अवांतर आहे पण धागा तसाही भरकटलाच आहे. फायस्टीची सख्खी मैत्रीण सॅसी. ती आली सॉसीमधून, सॉसी आलं सॉसमधून, आणि सॉस शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधलं मीठ आहे, म्हणजे खारवलेलं ते सॉस. आता आपल्याकडे बघा, लावण्य हा शब्द लवणावरून, लवण म्हणजे मीठ! बाईत मीठ आहे म्हणताना त्यांना उलटून बोलणारी दिसली आणि आपल्याला सुंदर दिसली. १९३० साली मिठासाठी सत्याग्रह झाला त्या गावची आहे मी, मला हे वाचून भलताच अभिमान वाटला होता.

पण फायस्टी आणि सॅसी एक नाही हां. सॅसी म्हणजे तोंडाने तिखट, त्यात थोडा नखरा, आपण काय बोलतोय ते तिला माहीत असतं आणि ऐकणारे बघतायत हेही. मावशींच्या गोष्टीत नखरा नाही, भरती चढतेय. सॅसी होणार नाही तिथे.

दूरदेशी_देवगडकर

वा! मग प्लकीपण घ्या. प्लक हा खाटकाचा शब्द. बकरा कापल्यावर हात घालून एका हिसक्यात जे बाहेर ओढतात, काळीज, फुप्फुसं, लिव्हर, ते सगळं मिळून प्लक. अठराव्या शतकाच्या शेवटाकडे मुष्टियुद्धवाल्यांनी तो धैर्याच्या अर्थाने उचलला. गट्स म्हणजे आतडी हे तर माहीतच आहे.

भाषाकिडा

आणि आपलं जिगरबाज? जिगर म्हणजे फारसीत लिव्हर. धैर्य सगळ्यांना मटणाच्या दुकानातच सापडलेलं दिसतंय.

प्लकीतही तोच उतार आहे बरं का. पहिल्या महायुद्धात जर्मनी बेल्जियममध्ये घुसला तेव्हा ब्रिटिश प्रचारात 'प्लकी लिटल बेल्जियम' असं गाजवलं होतं. लिटल आलंच बरोबर. प्लकी जर्मनी कोणी म्हटलं नाही.

गजालीकार

कोणी माका सांगात काय, म्हातारेक काय सांगितलास? सगळो धागो वाचलंय, उत्तर खंय असा?

सड्यावरचा

सांगतो सांगतो. हर्णै_बंदर यांचा प्रतिसाद वाचल्यावर गुळमुळीत सांगण्यात अर्थ नाही असं वाटलं. कुत्र्याचं सोडून बाकी सगळं सांगितलं. म्हटलं मावशे, म्हणजे दिसायला लहान पण कोणाला भीक घालत नाही अशी, ठसकेबाज, आणि हे असं सहसा बायकांना, म्हाताऱ्यांना म्हणतात, साहेबाला म्हणत नाहीत.

ती सुपारी कातरत होती. थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "लहान कोण? गाडी कोणाची रुतलेली?"

पाटीचा विषय तिनेच मिटवला. म्हणते पाटीवर गावाचं नाव, फोन नंबर आणि 'गाडी पुळणीवर नेऊ नये' एवढं मोठ्या अक्षरात लिही, बाकी मी आहे समोर, वाचायला कशाला लागतंय. आणि त्या लोकांना उत्तर लिहायला लावलंय, की पुढच्या वेळी आंब्याच्या दिवसात या आणि गाडी बायकोला चालवू दे.

आमटीभात

गाडी कोणाची रुतलेली 😂😂 हे असं आहे म्हणूनच त्याने फायस्टी लिहिलं ना पण! दुसरा शब्द तरी काय लिहिणार होता?

हर्णै_बंदर

कॅपेबल लिहू शकला असता. वाळूतून गाडी कशी काढायची हे त्या तिथे फक्त तिला माहीत होतं.

पोफळीखाली

हे ऐकून आता मला टेन्शन आलंय, कारण माझ्या पुतणीने रत्नागिरीत हॉटेल मॅनेजमेंटच्या अॅडमिशनसाठी फॉर्म भरलाय, त्यात स्वतःबद्दल पाच ओळी लिहा असं आहे आणि तिने पहिलीच ओळ ठोकलीय, 'आय अॅम अ फायस्टी गर्ल फ्रॉम कोकण.' इन्स्टावरून उचललेलं असणार. अजून सबमिट केलेला नाही, शनिवारपर्यंत मुदत. काढायला सांगू का? मुलगी खरंच तशी आहे हो, पण इथलं वाचून वाटतंय की स्वतःच्याच हाताने स्वतःला लहान करून घेतेय.

मिठागरी_शिरोडा

इन्स्टावर राहू दे, फॉर्मवर नको. आजकालच्या मुली हा शब्द स्वतःला मिरवायला लावतात ते मला आवडतं खरं तर, शिवी उचलून टिकली लावावी तसं. पण मुलाखतीला बसलेल्या माणसाला ते कळेलच असं नाही.

भाषाकिडा

काढायला सांगा. लहान करून घेण्याचा मुद्दा आहेच, पण त्याहून व्यवहाराचा मुद्दा असा की वर म्हटलेली दुसरी छटा. हॉटेल लाइनमध्ये गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं असतं, वाचणाऱ्याने भांडकुदळ असा अर्थ घेतला तर पहिल्या ओळीतच फॉर्म बाजूला. शिवाय फायस्टी हे दुसऱ्याने म्हणायचं विशेषण आहे, मी ठसकेबाज आहे असं मराठीत तरी कोण लिहितं? स्पिरिटेड, कॉन्फिडंट वगैरे घालता येईल पण ते सगळेच घालतात.

शब्द वाया घालवायचा नसेल तर दुसरीकडे वापरायला शिकवा तिला. माणूस सोडून इतर गोष्टींना तो छान बसतो आणि कोणाला लागतही नाही. फायस्टी डिबेट म्हणजे चांगली जुंपलेली चर्चा. फायस्टी मॅच म्हणजे ढकलाढकली, कार्डं, प्रेक्षकांची हुल्लड असलेली. हा धागासुद्धा फायस्टी थ्रेड म्हणून खपेल. ह्यात खालीवर काही नाही, दोन्ही बाजू भिडलेल्या असतात एवढंच.

दूरदेशी_देवगडकर

सहमत. मी इथे माणसं घेतो कामावर, त्यामुळे सांगतो, विशेषणं वाचतच नाही कोणी. काय केलंस ते लिही म्हणावं. पुतणीने काही केलं असेल ना सांगण्यासारखं?

पोफळीखाली

केलंय की. गेल्या शिमग्याला पालखी घरी यायची होती आणि आदल्या रात्री वहिनी तापाने आडवी. हिने शेजारच्या दोघींना हाताशी धरून सगळं वाडीचं जेवण उठवलं, गॅस संपला तर मागच्या चुलीवर भात लावला, आणि काका मध्ये येऊन सूचना द्यायला लागले तर त्यांना नारळ सोलायला बसवलं. काका म्हणजे मीच.

हर्णै_बंदर

मग हेच लिहायचं. काकांसकट.

पोफळीखाली

तिने आत्ता लिहून दाखवलं. सगळं आलंय, चूल, भात, पालखी. काकांना नारळ सोलायला बसवलं त्याचं इंग्रजी तिने 'डेलिगेटेड टास्क्स टू सीनिअर स्टाफ' असं केलंय. ठेवू का?

भाषाकिडा

ठेवा. फक्त 'सीनिअर'चं स्पेलिंग तपासा, घाईत तिथे आय आणि ओ बरोब्बर उलटे पडतात.